तीन लाखात घरची गाडी – कराडच्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कराडचं कुटुंब, घरात पाच माणसं. नावं देत नाही, नवऱ्याला दादा म्हणू, बायकोला वहिनी आणि दादाच्या आईला काकू. दोन पोरं, मोठी सातवीत, धाकटा तिसरीत. दादा एमआयडीसीत सुपरवायझर, वहिनी घरी शिलाईचं काम घेतात. घरात एकच बाईक. काकूंचे गुडघे गेलेत आणि डॉक्टर कोल्हापूरला, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, त्यामुळं दर खेपेला भाड्याची गाडी करायची म्हणजे अडीच-तीन हजार गेले. वर वहिनींचं माहेर पाटणच्या पलीकडं, तिथं अंधार पडला की वडापसुद्धा (शेअर जीप) मिळत नाही.

२०२४ चा पावसाळा संपता संपता सेकंडहँड गाडीचा विषय निघाला. पैशाची जुळणी अशी की दोन लाख एफडी मोडून आणि एक लाख पतसंस्थेचं कर्ज, १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी, हप्ता ४,८०० च्या आसपास. त्यापुढं एक रुपया नाही, आणि हे खरंच नाही, 'बघू थोडं वर खाली' वालं नाही. मी यात आलो कारण माझं काम मोटर इन्शुरन्सच्या क्लेमचं, ठोकलेल्या आणि बुडालेल्या गाड्या बघण्यातच दिवस जातो, आणि दादा माझ्या मेव्हण्याचा दोस्त.

अडचण नेमकी कुठं होती

दादाच्या डोक्यात 'तीन लाखाची गाडी' बसलेली. पहिल्याच बैठकीत वहिनींनी विचारलं, तीन लाख गाडीलाच घातले तर टायर कशानं घ्यायचे? सगळे गप्प. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो एकही गाडी बघायच्या आधी झाला. ठरलं असं की गाडीला जास्तीत जास्त अडीच लाख, उरलेले पन्नास हजार ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि घेतल्या घेतल्या निघणाऱ्या कामाला. दादाच्या कंपनीतले लोक हसले, अडीचमध्ये भंगार येतं म्हणाले.

दुसरं म्हणजे गाडी लागते कशाला हे कागदावर लिहून काढलं. महिन्याचं रनिंग पाचशे-सहाशे किलोमीटर. मागची सीट उंच पाहिजे, काकूंना वाकून आत शिरायला लागू नये. डिकीत वॉकर आणि दोन पिशव्या बसल्या पाहिजेत. एसी चालू पाहिजे. बाकी सगळं (अलॉय, टचस्क्रीन, दादाला पाहिजे असलेला लाल रंग) नंतर. या चार ओळींनी पुढं बऱ्याच वेळा भांडण वाचवलं.

सात सीटर घेऊन टाकू असंही एकदा निघालं होतं पण या पैशात सात सीटर म्हणजे टूरिस्टला पळून पळून थकलेली, मग पिवळी पाटी काढून पांढरी केलेली गाडी, तो विषय तिथंच सोडला.

इंधनाचा हिशोब

इथं दोन संध्याकाळी गेल्या, कारण दादा डिझेलवर अडून होता. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, त्याआधीचं ते १,२४८ सीसीचं फियाटचं इंजिन पिकअप आणि एव्हरेज दोन्हीला भारी, यात वाद नाही. पण महिन्याला सहाशे किलोमीटर चालवणाऱ्यानं दहा-अकरा वर्षांचं डिझेल घ्यायचं म्हणजे इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की दोन-तीन वर्षांची इंधनातली बचत एका बिलात साफ. इन्शुरन्समध्ये पण फरक आहे, थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा) वर्षाचा दर तेव्हा १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये होता आणि त्यावर १,५०० सीसीपर्यंत ३,४१६, वर जीएसटी वेगळा. रक्कम लहान वाटते, पण ती दर वर्षी भरायची आहे.

सीएनजीचा हिशोब वहिनींनी केला, वहीच्या मागच्या पानावर. सहाशे किलोमीटरला पेट्रोल साधारण ३५ लिटर, १०५ च्या भावानं ३,७०० च्या आसपास. सीएनजी २५ किलो, नव्वदनं २,२५०. म्हणजे महिन्याला साधारण चौदा-साडेचौदाशे वाचतात. पण तशीच गाडी सीएनजीत घेतली तर पन्नास-साठ हजार जास्त मागत होते, म्हणजे ते फिटायलाच तीन-साडेतीन वर्षं, आणि डिकीत टाकी आली की वॉकर कुठं ठेवायचा? टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं टाकीची तपासणी) पण लागते, जुन्या गाड्यांच्या टाकीवरची प्लेट बघितली तर निम्म्यांची तारीख उलटून गेलेली असते. बाहेरून बसवलेलं किट आरसी बुकवर चढवलेलं नसेल तर अजून एक लफडं. महिन्याला दीड हजार किलोमीटर रनिंग असतं तर मीच सीएनजी घ्या म्हटलं असतं. इथं पेट्रोल ठरलं.

पाहिलेल्या गाड्या

पहिली २०१३ ची स्विफ्ट डिझेल, एमएच-१२ पासिंग, थर्ड ओनर, मीटरवर ८२ हजार, मागणी तीन लाख दहा. पेट्रोल ठरलं असताना डिझेल बघायला का गेलो, तर दादाला बघायचीच होती. आणि गाडी दिसायला एक नंबर, सीट कव्हर नवीन, इंजिनसुद्धा धुऊन चकाचक. इंजिन इतकं धुतलेलं असलं की मला आधी शंका येते, कारण ऑइलची गळती पुसली गेलेली असते. मी इन्शुरन्सचा कागद मागितला. गाडी त्या माणसाकडं दोन वर्षं, पॉलिसी न तुटता रिन्यू झालेली, आणि तरी एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट) शून्य. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २० टक्के नो क्लेम बोनस लागतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. सलग रिन्यू होऊनही शून्य असेल तर बहुतेक वेळा मागच्या वर्षी क्लेम झालेला असतो. विचारल्यावर म्हणाला, फक्त बंपर होता. मग त्यालाच बरोबर घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो, मालक स्वतः असला की ते हिस्ट्री काढून देतात, तर २०१९ मध्येच १ लाख १२ हजार किलोमीटरची नोंद. म्हणजे पाच वर्षांत गाडी तीस हजार किलोमीटर उलटी पळाली. विक्रेत्याचा चेहरा बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीटर त्यानं पाडला की त्याच्या आधीच्यानं ते त्याला तरी कुठं माहीत असणार.

दुसरी दिल्ली पासिंगची, २०१५ ची, एका डीलरकडं, आपल्याकडच्या भावापेक्षा साठ-सत्तर हजार स्वस्त. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळं तेव्हा तिकडच्या गाड्या स्वस्तात आपल्याकडं यायच्या. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणायची, इथं नवीन नंबर घ्यायचा, गाडीच्या वयाप्रमाणं महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, आणि या सगळ्याला किती महिने लागतील ते डीलर सांगेना, 'आपला माणूस आहे आरटीओत' एवढंच. पाच मिनिटांत उठलो.

तिसरी एका रिटायर्ड गुरुजींची आय-टेन, २०१० ची, सिंगल हँड, सगळी बिलं फाईलला लावलेली, दोन लाख. काकूंना गाडी नाही पण गुरुजी फार आवडले. ही गाडी मात्र मनापासून विचारात घेतली. अडचण अशी की खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०२५ मध्ये संपणार, मग फिटनेस तपासणी, ५ हजार रुपये री-रजिस्ट्रेशन फी (२०२२ पासून वाढलीय, आधी सहाशेच होती), वर पर्यावरण कर, आणि ते पण पाच वर्षांसाठीच. शिवाय १.१ इंजिनला टायमिंग बेल्ट आहे (ठरावीक काळानं बदलावा लागतो), चेन नाही, आणि तो कधी बदललाय ते फाईलमध्ये सापडेना, गुरुजींची फाईल असूनही. पैसे कमी पडले असते तर हीच घेतली असती.

चौथी गाडी जरा सविस्तर सांगतो. २०१५ ची वॅगनआर, एमएच-१० पासिंग म्हणजे सांगलीची, मीटरवर ५१ हजार, मागणी दोन लाख साठ, आणि विक्रेता दोन पन्नासला लगेच तयार. दादानं खिशातून इसाराचे दहा हजार काढले सुद्धा. सांगली-कोल्हापूरची गाडी म्हटलं की मी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आधी आठवतो. त्या दोन्ही पुरात शेकडो गाड्या पाण्यात होत्या, इन्शुरन्स कंपनी टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं धरून भरपाई) देते, सांगाडा लिलावात जातो, कोणीतरी घेतो, वाळवतो, वायरिंग जोडतो आणि गाडी परत बाजारात येते. आरसीवर त्याची काही नोंद नसते. वास येत नव्हता, उलट परफ्युमचा भपका होता. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, ओढतच गेलो, शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळा स्वच्छ, आणि शेवटची दीड वीत राखाडी, हाताला खरखरीत, नखानं खरवडलं तर सुकलेला गाळ निघाला. मग स्टेपनी उचलून खाली बघितलं, सीटच्या रेल बघितल्या, गंज. दादानं दहा हजार परत खिशात घातले. पुराच्या गाडीचं वाईट हे की ती लगेच बंद पडत नाही, वर्षा-दीड वर्षानं एकेक कनेक्टर हिरवा पडायला लागतो आणि वायरमनला पण पत्ता लागत नाही.

या चौथ्या गाडीनंतर घरात वातावरण बिघडलं. दादा म्हणाला, तुम्ही सगळ्याच गाड्यांत खोड काढता, अशानं जन्मात गाडी येणार नाही. त्याचं चुकीचं नव्हतं. एफडी मोडून झालेली, कर्जाचा हप्ता चालू झालेला आणि दारात गाडी नाही, अशा वेळी माणूस पुढची दिसेल ती घेतो. पुण्यातल्या एका कंपनीच्या सेकंडहँड शोरूमला पण जाऊन आले, तिथं तशाच वॅगनआरला चाळीस हजार जास्त, पण वॉरंटी आणि ट्रान्सफर त्यांच्याकडं. ज्याला स्वतः कागदांच्या मागं पळायला वेळ नाही त्यानं ते चाळीस हजार द्यावेत, वाया जात नाहीत. पण इथं ते दिले तर टायरचे पैसे गेले.

घेतलेली गाडी

पाचवी साताऱ्याची, २०१४ ची वॅगनआर व्हीएक्सआय, एमएच-११, सेकंड ओनर, ७४ हजार किलोमीटर, मागणी दोन पंचाहत्तर. ९९८ सीसीचं के-टेन इंजिन, टायमिंग चेनवालं. रंग राखाडी, दादा नाराज.

ओळखीच्या मिस्त्रीला हजार रुपये देऊन बरोबर नेलं. सकाळी सातला पोचलो तर बोनेटला हात लावल्यावर गरम. विक्रेता म्हणाला, दूध आणायला गेलो होतो. खरं असेल, पण मिस्त्रीनं सांगितलं की गरम इंजिनात दोष लपतात, गाडी थंड होऊ द्या, आम्ही नाश्ता करून दुपारी येतो, तोवर चालू करू नका. दुपारी एका सेल्फमध्ये चालू झाली, धूर नाही. ऑइलची कॅप उघडून वर हात धरला, वाफेचा जोर नाही, कॅपच्या आत पांढरी साय नाही. दारांची रबरी बीडिंग ओढून वेल्डिंगचे गोल ठिपके बघितले, पिलर (छत धरणारे खांब) मूळचे. डावं मागचं दार मात्र रंगवलेलं, बोटानं वाजवलं तर आवाज बद्द, आत पुट्टी. विक्रेत्यानं विचारायच्या आधीच सांगितलं होतं की गेटला घासली होती, त्यामुळं ते मला चाललं. रंगवलेलं दार चालतं, रंगवलेला पिलर चालत नाही. चारही काचा २०१४ च्या, टायर मात्र २०१७ चे (टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष), म्हणजे नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं. क्लच जड आणि खूप वर सुटत होता. खड्ड्यात पुढून टकटक, लोअर आर्मचे बुश.

मिस्त्रीनं तिथंच पानाच्या टपरीवर बसून खर्च काढला, जवळपास तीस हजार. तोच कागद विक्रेत्यापुढं ठेवला. दोन अठ्ठेचाळीसला ठरलं.

वहिनींनी एक प्रश्न विचारला ज्याला धड उत्तर कोणाकडंच नव्हतं, की एअरबॅग का नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत ती बहुतेक वेळा नसतेच, आणि २०१९ नंतरची गाडी या पैशात बसत नाही. मग पोरं मागंच बसणार, मागचे बेल्ट लावायचेच, आणि सीट कव्हरखाली दाबून टाकलेली बक्कल आधी बाहेर काढायची, एवढं ठरलं.

कागदांचा घोळ

सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकला तर बँकेचा बोजा अजून चढलेला. विक्रेता म्हणाला, कर्ज २०१९ लाच फिटलंय, हा बघा बँकेचा दाखला. दाखला खरा होता पण पाच वर्षं जुना, असा दाखला तीन महिन्यांत वापरायचा असतो. नवीन आणायचा तर बँकेची ती शाखाच दुसऱ्या शाखेत मिसळलेली. त्यात ई-चलान दोन, मिळून चार हजार. आणि पोर्टलवरचा मोबाइल नंबर विक्रेत्याचा नाहीच, मागच्या ट्रान्सफरच्या वेळी एजंटानं स्वतःचा टाकलेला, ओटीपी त्याच्याकडं!

इथं तीन वाटा होत्या. एक, बोजा उतरेपर्यंत गाडी घ्यायचीच नाही. दोन, पूर्ण पैसे देऊन गाडी आणायची आणि कागद होतील तसे होतील. तीन, काही पैसे अडकवून ठेवायचे आणि गाडी आणायची. दिवाळी तोंडावर आलेली, दादानं तिसरी धरली. पंचवीस हजार अडकवायचे म्हटल्यावर विक्रेता चिडला, शेवटी वीसवर आला. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की बोजा उतरून आरसी दादाच्या नावावर झाली की वीस हजार, चलान विक्रेत्यानं भरायचे, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ. वेळ लिहिण्याचा आग्रह माझा, कारण त्या सकाळी कुठं कॅमेऱ्यात फोटो निघाला तर तो कोणाचा, हे भांडण मी पाहिलेलं आहे. फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आणि २९, ३० (नाव बदलायचे) यांवर सह्या त्याच दिवशी घेतल्या.

विक्रेत्यालाही एक गोष्ट समजावली. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच. म्हणजे नाव लवकर बदलणं त्याच्याच फायद्याचं. हे ऐकल्यावर तो स्वतः बँकेच्या मागं लागला, वीस हजारांपेक्षा या भीतीनं जास्त काम केलं असं मला वाटतं.

नाव चढायला दोन महिन्यांच्या आसपास लागले.

पुढं काय झालं

हिशोब असा: गाडी २ लाख ४८ हजार, दुरुस्ती ३० हजार (त्यात निम्मे टायरचेच), ट्रान्सफर आणि एजंट ६ हजार, इन्शुरन्स साडेसात हजार. म्हणजे २ लाख ९१ हजार ५००. जे साडेआठ हजार उरले ते पुढच्या उन्हाळ्यात एसीच्या कामाला गेले, गॅस गळत होता, आणि तो आम्ही ऑक्टोबरमध्ये गाडी बघितल्यामुळं कोणाच्या लक्षात आला नव्हता. नंतर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावावी लागली, एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते, ७४५ रुपये अधिक जीएसटी.

वर्षभरात रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. शहरात पंधरा, हायवेला एकोणीस-वीस देते. काकू कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी परत येतात. वहिनी गाडी शिकल्या, आणि माहेरी त्याच चालवत नेतात, दादा शेजारी बसून ब्रेक मारत असतो.

वेगळं काय करता आलं असतं

पतसंस्थेचं कर्ज गाडी ठरल्यावर उचलायला पाहिजे होतं. आधी मंजूर करून ठेवायचं, पैसे उचलायचे नाहीत, बहुतेक पतसंस्था ओळखीच्या सभासदाला तेवढं करतात. हप्ता आधी चालू झाल्यामुळं चौथ्या गाडीच्या वेळी जी घाई झाली ती टळली असती.

वाहन पोर्टलची तपासणी साताऱ्याला जायच्या आधी घरी बसून करता आली असती, नंबर फोनवरच मिळाला होता. बोजा आधी दिसला असता तर 'आधी बोजा उतरवा, मग बघायला येतो' म्हणता आलं असतं आणि वीस हजारांची घासाघीस झालीच नसती.

इन्शुरन्सचा मुद्दा मला अजून खटकतो. नाव चढेपर्यंत पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर. त्या काळात दुसऱ्या कोणाला लागलं तर थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर दादाला काही मिळालं नसतं, गाडी एकाची आणि पॉलिसी दुसऱ्याची म्हणून असे क्लेम नाकारलेले मी रोज बघतो. त्या दोन महिन्यांत गाडी फक्त दवाखान्याला काढायची असं ठरलं होतं, पण दिवाळीत ती पाटणला जाऊन आलीच. बोजा उतरेपर्यंत गाडी विक्रेत्याच्याच दारात राहिली असती तर हा धोका दादाकडं आलाच नसता. दादाला हे पटत नाही, तो म्हणतो, दिवाळीला दारात गाडी पाहिजे होती आणि ती आली. वहिनींचं म्हणणं वेगळंच, वर्षभर थांबून अजून लाखभर जमवले असते तर एअरबॅगवाली आली असती. यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.